चकती-ब्रेक कां ओरडतो?

जुन्नरहून माळशेज घाट उतरतांना सायकलचा चकती-ब्रेक किंचाळूं लागला आणि वेगहि आवरेना, तर स्वार बहुधा तार आवळूं लागतो. परंतु किंकाळी व दुबळी पकड हीं दोन्हीं एकदम आलीं, कीं दोष बहुतेक चकतीवर उडालेल्या तेलाचा असतो. आवाज थांबावा म्हणून चकतीलाच तेल देणें हा तर आत्मघात! पावसाळ्यांत डिंभ्याहून भीमाशंकरकडे जातांना भिजलेली चकतीहि ओरडते. ती वाळतांच गप्प होते.

तेलकट चकती निवाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावी. पॅड पॉलिशपेपरनें घासावेत. तेल मुरलें असल्यास बदलावेतच. मग सपाट रस्त्यावर, चाक न अडकवितां, वीसेक वेळां वेग घेऊन ब्रेक दाबावा. पॅडचा सूक्ष्म थर चकतीवर बसतो, तेव्हांच पकड परत येते. तेलदाबाच्या ब्रेकचा लिव्हर मऊ लागून दांड्याला टेकत असेल, तर नळींत हवा शिरल्याचा संशय घ्यावा. ती काढल्यावांचून घाटांत उतरूं नये.