कंपनी बुडाली, वारसा कोणाचा?

मोटारी बनविणारी एखादी कंपनी दिवाळखोरीत निघाली की, कारखान्याची जमीन, यंत्रसामग्री आणि सुट्या भागांचा साठा यांचा हिशेब तातडीने मांडला जातो. मात्र, कंपनीने जपलेल्या पहिल्यावहिल्या मोटारी, अभियंत्यांनी काढलेले आराखडे आणि कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक गाडीची नोंद असलेली दप्तरे यांचे काय करायचे, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. स्वीडनमधील ‘साब’च्या बाबतीत तो २०१२ मध्ये विचारला गेला, तेव्हा उत्तर शोधण्यासाठी फार थोडा अवधी उरला होता.

संग्रहालयच विक्रीला

‘साब’ ही मूळची विमाने बनविणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिने मोटारींच्या क्षेत्रात पाऊल टाकले. १९४६-४७ च्या सुमारास साकारलेल्या ‘उरसाब’ या पहिल्या नमुन्याच्या गोलसर, निमुळत्या आकारावर विमानबांधणीची छाप स्पष्ट दिसते. मोटार उद्योगाची मालकी पुढे अमेरिकेच्या ‘जनरल मोटर्स’कडे आणि २०१० मध्ये ‘स्पायकर’ या डच कंपनीकडे गेली. अखेर १९ डिसेंबर २०११ रोजी ‘साब ऑटोमोबाइल’ने दिवाळखोरी जाहीर केली.

ट्रोलहेटन शहरातील संग्रहालयात त्या वेळी शंभराहून अधिक मोटारी होत्या. ‘उरसाब’सह त्यातील अनेक गाड्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती. परंतु कायद्याच्या दृष्टीने ही संपत्ती बुडालेल्या कंपनीची होती. देणेकऱ्यांसाठी अधिकाधिक रक्कम उभी करणे हे दिवाळखोरी प्रशासकांचे कर्तव्य असते. त्यात वारशाला वेगळे स्थान नसते. त्यानुसार जानेवारी २०१२ मध्ये संग्रहासाठी बोली मागविण्यात आली आणि हा ठेवा जगभरातील श्रीमंत संग्राहकांकडे विखुरला जाण्याची चिन्हे दिसू लागली.

ट्रोलहेटनची नगरपालिका, संरक्षण व विमान उद्योगात असलेली मूळची ‘साब’ कंपनी आणि वॉलेनबर्ग कुटुंबाचे प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन संपूर्ण संग्रह विकत घेतल्याने हा धोका टळला. संग्रह आजही त्याच शहरात आहे. तथापि, आपलाच इतिहास शहराला पैसे मोजून परत घ्यावा लागला.

वेळीच घेतलेला निर्णय

अमेरिकेतील ‘स्टुडबेकर’ची कहाणी वेगळी आहे. इंडियाना राज्यातील साऊथ बेंड येथे १८५२ मध्ये लोहारकाम आणि घोडागाड्यांपासून सुरू झालेल्या या कंपनीने तेथील मोटारनिर्मिती डिसेंबर १९६३ मध्ये थांबविली. कॅनडातील हॅमिल्टनचा कारखानाही मार्च १९६६ मध्ये बंद झाला. मात्र, कंपनी दिवाळखोर झाली नव्हती. मोटारी सोडून ती अन्य उद्योगांकडे वळली होती. त्यामुळे संग्रहाचे काय करायचे, हे ठरविण्याचा अधिकार तिच्याच हाती होता. तिने वाहने आणि दप्तर साऊथ बेंड शहराला देऊन टाकले. अब्राहम लिंकन यांनी हत्येच्या रात्री नाट्यगृहात जाण्यासाठी वापरलेली घोडागाडीही या संग्रहात आहे.

ब्रिटनमध्ये तिसरा मार्ग अवलंबिण्यात आला. ऑस्टिन, मॉरिस, एमजी, रोव्हर अशा अनेक नाममुद्रांचा वारसा सांभाळण्यासाठी १९८३ मध्ये स्वतंत्र धर्मादाय विश्वस्त संस्था स्थापन झाली. गेडन येथे १९९३ मध्ये तिचे संग्रहालय उघडले. या परंपरेतील ‘एमजी रोव्हर’ एप्रिल २००५ मध्ये कोसळली, हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, पण विश्वस्त संस्थेचे संग्रहालय आणि दप्तर टिकून राहिले.

गाडीइतकाच कागद महत्त्वाचा

संग्रहालयात गर्दी होते ती झळाळत्या गाड्यांभोवती. अभ्यासकांच्या दृष्टीने मात्र दप्तराचे मोल अधिक असते. ‘स्टुडबेकर’च्या उत्पादन आदेशात त्या विशिष्ट गाडीचा रंग, इंजिन, जादा साहित्य आणि ती कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली याची नोंद सापडते. अशा नोंदींच्या प्रती जुन्या गाड्यांच्या मालकांना शुल्क घेऊन दिल्या जातात. गेडन येथील संस्थाही मूळ नोंदींच्या आधारे प्रमाणपत्रे देते. जुन्या गाड्यांच्या बाजारात साध्या गाडीला दुर्मीळ आवृत्तीचा साज चढवून विकण्याचे प्रकार होतात. हा बनाव उघड करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे कारखान्याची वही. गाडीची दुरुस्ती नव्या भागांनी करता येते. हरवलेली वही पुन्हा लिहिता येत नाही.

हे कागद टिकविणे सोपे नाही. जुने निळे आराखडे प्रकाशात फिके पडतात आणि अल्कधर्मी कागदात ठेवल्यास त्यांचा निळा रंग उडू लागतो. त्यामुळे अन्य दस्तऐवजांसाठी उपयुक्त ठरणारी अल्कधर्मी वेष्टने त्यांना घातक ठरतात. अ‍ॅसिटेटच्या जुन्या चित्रफिती उष्ण व दमट हवेत कुजतात आणि त्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. एकदा सुरू झालेली ही प्रक्रिया थांबविता येत नाही. थंड, कोरड्या जागी ठेवून ती केवळ लांबविता येते. संगणकावर प्रती उतरविल्याने मूळ कागदांची हाताळणी कमी होते, पण त्या प्रतींचीही वेळोवेळी नव्या साधनांवर नक्कल करावी लागते.

गाड्यांबाबतही असेच आहे. जुन्या पेट्रोलचा चिकट थर इंधनवाहिन्या तुंबवितो, तर रबर वयोमानाने कडक होऊन तडकते. दुसरीकडे, गाडी नव्याने रंगवून चकचकीत केली, तर कारखान्यातील मूळ रंगाचा पुरावाच पुसला जातो. त्यामुळे किती दुरुस्त करायचे आणि कुठे थांबायचे, याचा निर्णय प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो.

या सर्व कामांना पैसा, जागा आणि जाणकार माणसे लागतात. मात्र, त्याआधी मालकीचा प्रश्न सुटावा लागतो. साऊथ बेंड आणि गेडन येथे तो वेळेत सुटला. ट्रोलहेटनला मदतीला धावून येणारी नगरपालिका, जुनी मातृसंस्था आणि धनाढ्य प्रतिष्ठान लाभले. प्रत्येक बंद कारखान्याच्या नशिबी असे तिघे असतीलच असे नाही. त्यामुळे संग्रह कोणाच्या नावावर असावा, हे कंपनी चालू असतानाच ठरविणे श्रेयस्कर, हाच या तीन ठिकाणांच्या अनुभवाचा धडा आहे.