प्रोसेसर बदलावा की नाही? आधी नाडी पाहा, मग थैली सोडा

व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, आज प्रत्येक पेढीवर संगणक आहे. बिल त्यावरच निघते, जीएसटीचे विवरण त्यावरूनच भरले जाते, ई-वे बिलाशिवाय गाठोडी ट्रकवर चढत नाहीत. असे हे यंत्र मंदावले की गिऱ्हाईक ताटकळते आणि मेहताजी घाम पुसतात. मग कोणीतरी सल्ला देतो की प्रोसेसर जुना झाला, तो बदला. हा सल्ला कधी खरा असतो आणि कधी केवळ खिशाला कात्री असते, हे आमच्या अनुभवावरून सांगतो.

२०२४ च्या रमजानमधली गोष्ट. आमच्या हिशोबाच्या संगणकात २०१७ साली घेतलेला इंटेलचा आय-३ ७१०० हा प्रोसेसर होता. सकाळी बटण दाबल्यावर टॅली उघडेपर्यंत चार-साडेचार मिनिटे जात. दुरुस्तीवाल्याने नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड आणि नवी मेमरी मिळून ३२ हजारांचा आकडा सांगितला. बाजारात उधारी अडकलेली, ईद तोंडावर आलेली आणि तेवढ्याच रकमेत चार कारागिरांची मजुरी चुकती होत होती. मजुरी रोखून यंत्र घेणे आमच्या तिजारतीत बसत नाही. म्हणून आम्ही ठरवले की आधी दुखणे कोठे आहे ते पाहू.

दुखणे कोठे आहे?

ही तपासणी फुकट होते. संगणक अडखळत असेल तेव्हाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्यावर किती टक्के भार आहे ते दिसते. आमच्याकडे सीपीयू २० टक्क्यांच्या आसपास, मेमरी जवळजवळ भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर होती. म्हणजे प्रोसेसर बिचारा रिकामा बसला होता!

माग चालवणाऱ्यांना हे लगेच उमगेल. सायझिंगहून बीम आला नाही तर माग कितीही वेगाचा असो, तो उभाच राहणार. आमची फिरत्या तबकडीची हार्डडिस्क हीच ती रखडलेली सायझिंग होती. अशी डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी माहिती देते, साधी साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास देते. शिवाय लहान लहान फायली इकडून तिकडून शोधण्यात एसएसडी याहून कितीतरी पटींनी पुढे असते, आणि हिशोबाच्या कामात नेमके तेच जास्त करावे लागते.

आम्ही टॅलीचा सगळा डेटा आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. मग एसएसडी बसवली आणि ४ जीबी मेमरीत ८ जीबीची भर घातली. त्या वेळी एकूण खर्च साडेचार हजार आला. संगणक अर्ध्या मिनिटात उघडू लागला. कारागिरांची मजुरीही ईदच्या आधी चुकती झाली.

येथे आणखी एक गोष्ट. आपल्या कापडाच्या धंद्यात सुताची बारीक रुई हवेत उडते आणि पंख्यात जाऊन बसते. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. वर्षातून एक-दोनदा पंखा साफ करून घेतला आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलली, तर काही यंत्रे दोन-चारशे रुपयांतच ताळ्यावर येतात. मात्र २० तारखेला ३-बी भरताना पोर्टल रखडले, तर त्यावर कोणताही प्रोसेसर उपाय नाही. विवरण दोन दिवस आधी भरावे, हाच इलाज.

सॉकेटचा फसवा सारखेपणा

त्याच काळात आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली. एका दुकानदाराने सांगितले, "चाचा, नवव्या पिढीचा आय-५ घेऊन जा. सॉकेट ११५१ च आहे, तुमच्या बोर्डावर बसेल." सॉकेटचा आकडा खरोखरच सारखा आहे. पण सहाव्या-सातव्या पिढीचे बोर्ड वेगळे आणि आठव्या-नवव्या पिढीचे वेगळे. पिनांची संख्या सारखी असली तरी त्यांची जुळणी निराळी आहे. आमच्या एच-११० बोर्डावर तो प्रोसेसर बसला असता, पण चालला नसता. भाच्याने मोबाइलवर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची यादी काढून दाखवली, म्हणून पैसे वाचले. सौदा करण्यापूर्वी बोर्डाचे पूर्ण नाव लिहून न्यावे आणि कंपनीच्या यादीत तो प्रोसेसर आहे की नाही ते पाहावे. दुकानदाराची जबान हा दाखला नव्हे.

आमच्या बोर्डावर जास्तीत जास्त सातव्या पिढीचा आय-७ बसला असता. तोही आम्ही घेतला नाही. कारण विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो आणि टीपीएम २.० लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, हे जाहीर झालेले होते. ज्या वाटेला पुढे भिंत आहे तिच्यावर फरसबंदी कशाला करायची?

प्रोसेसर बदलणे कोठे फळले?

आता दुसरी बाजू. आमचा भाचा साड्यांच्या छपाईची डिझाइन करतो. त्याच्या संगणकात एएमडीचा रायझेन ३ ३२००-जी होता. रंग वेगळे करण्याच्या कामाला बसला की सीपीयू १०० टक्क्यांवर जाई आणि डिस्क शांत असे. येथे दुखणे प्रोसेसरचेच होते.

त्याचा बी-४५० बोर्ड एएम-४ सॉकेटचा होता. या सॉकेटवर एएमडीने कित्येक वर्षे नवे प्रोसेसर दिले, म्हणून बोर्ड आणि मेमरी तीच ठेवता आली. आधी बोर्डाचे बायोस अद्ययावत केले, कारण जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही. मग रायझेन ५ ५६००-जी बसवला. चार कोअरच्या जागी सहा कोअर आणि बारा थ्रेड आले. नावातल्या 'जी' कडे लक्ष द्यावे. नुसत्या ५६०० मध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते, त्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. 'जी' विसरला तर पडदा काळाच राहील.

हिशोब असा झाला. प्रोसेसर ११,००० रुपयांना पडला. त्यात १८ टक्के जीएसटीचे १,६७८ रुपये होते, ते पक्क्या बिलावर वळते मिळाले. निव्वळ खर्च ९,३२२ रुपये. एका डिझाइनला १८ मिनिटे लागत, ती ८ वर आली. रोजची सहा डिझाइन धरली तर एक तास वाचला. त्या तासाची मजुरी १०० रुपये धरली तर साधारण ९३ कामाच्या दिवसांत पैसे वसूल झाले. पण वाचलेल्या तासाला काम असेल तरच हा हिशोब खरा. डिझाइनची मागणीच नसेल तर तो तास चहात जाईल.

हेही ध्यानात ठेवावे की जे काम वाटून देता येत नाही, त्याला जास्त कोअरचा उपयोग नाही. एका मागावर दोन विणकर बसवून कापड दुप्पट निघत नाही.

शेवटी त्या जुन्या संगणकाचे काय झाले?

हिशोबाचा तो संगणक २०२५ च्या ऑगस्टपर्यंत नीट चालला. ज्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार होतो आणि गिऱ्हाइकांची माहिती ज्यात असते, ते सुरक्षेच्या सुधारणांशिवाय चालवणे म्हणजे दुकानाला कडी न लावता झोपणे होय. ती माहिती आपल्याकडे अमानत आहे. म्हणून आम्ही कंपनीतून निघालेला, आठव्या पिढीच्या आय-५ चा एक संगणक पक्क्या बिलावर आणि वर्षाच्या हमीवर साडेतेरा हजारांना घेतला. जुनी एसएसडी आणि मेमरी त्यात बसली, कारण मेमरी डीडीआर-४ च होती. २०२४ चे साडेचार हजार वाया गेले नाहीत. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले, तेव्हा हे आणखी पटले. जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून आता लेबले छापायला ठेवले आहे.

हप्त्यांविषयीही सावध राहावे. 'बिनव्याजी' म्हटलेल्या हप्त्यांत पुष्कळदा व्याज असतेच. ते किमतीत सवलत म्हणून वजा दाखवतात, त्या व्याजावर जीएसटी लागतो आणि वर प्रक्रिया शुल्कही असते. कागद वाचावा, शंका असेल तर आलिमांना विचारावे, आणि जमेल तर रोखीने घ्यावे.

थोडक्यात, आधी साफसफाई, मग टास्क मॅनेजर. डिस्क किंवा मेमरी अडली असेल तर तेवढीच बदलावी. सीपीयू कामाच्या वेळी सतत ९० टक्क्यांवर असेल, बोर्ड नवा प्रोसेसर घेत असेल आणि पाच-सहा महिन्यांत पैसे वसूल होत असतील तरच प्रोसेसरवर खर्च करावा. बोर्ड, मेमरी, प्रोसेसर सगळेच बदलावे लागत असेल तर तो बदल नव्हे, ती नवी खरेदी समजावी आणि तसाच भाव करावा. इसराफ जसा मना आहे तसा गरजेच्या अवजारावर हात आखडणेही शहाणपणाचे नाही. मधली वाट धरली तर धंद्यात बरकत राहील, इन्शाअल्लाह.