‘ब्रेक आउट’ आणि ‘फुटणे’ : आकस्मिक क्रियादर्शक इंग्रजी क्रियापदाच्या वाक्यातील उपयोजनाचा विचार

मूळ क्रियापदाला अव्यय जोडून सिद्ध होणारे इंग्रजी क्रियापद, अर्थात फ्रेझल व्हर्ब, हा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने अत्यंत अवघड भाग होय. ही अडचण आजची नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच अशा क्रियापदांमुळे परकीयांची मोठी अडचण होते, असे नमूद केले होते. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र बरीच उशिरा, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या ग्रंथातून रूढ झाली व ती सुचविण्याचे श्रेय त्यांनी कोशकार हेन्री ब्रॅडली यांना दिले. प्रस्तुत लेखात या वर्गातील ‘ब्रेक आउट’ या एकाच क्रियापदाचा विचार केला आहे. कारण आकस्मिकतेचा अर्थ वाक्यात नेमका कोठे वसतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जाऊ लागला. असे असूनही वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावातून कारंजा किंवा अमरावती येथे पदवी शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत फ्रेझल व्हर्ब बहुधा यादीच्याच स्वरूपात असते : ‘ब्रेक आउट – अचानक सुरू होणे’. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. काय अचानक सुरू होणे, हे त्यात सांगितलेले नाही. त्यामुळे ‘अचानक पाऊस सुरू झाला’ याचे ‘द रेन ब्रोक आउट’ आणि ‘सभा एकदम सुरू झाली’ याचे ‘द मीटिंग ब्रोक आउट’ असे भाषांतर करणारा विद्यार्थी यादीशी प्रामाणिकच असतो. दोष यादीचा आहे.

दुसरी चूक याहून खोलवरची आहे. ‘फायर वॉज ब्रोकन आउट’ असे कर्मणी वाक्य उत्तरपत्रिकेत आढळते, त्याचे मूळ मराठीच्या घडणीत शोधावे लागते. मराठीत अकर्मक व सकर्मक क्रियापदांच्या स्वतंत्र जोड्या आहेत : तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. इंग्रजी ‘ब्रेक’ मात्र दोन्ही कामे एकट्यानेच करते. शाळेत ‘ब्रेक म्हणजे तोडणे’ असा सकर्मक अर्थ प्रथम पाठ झालेला असल्याने, आग ही कोणीतरी ‘तोडलेली’ वस्तू ठरते आणि वाक्य कर्मणीकडे वळते. ‘ब्रेक आउट’ हे अकर्मक आहे. त्याचे कर्मणी रूप होत नाही. येथे मराठीतील ‘फोडणे’ नव्हे, तर ‘फुटणे’ विद्यार्थ्यासमोर ठेवले पाहिजे.

मराठीतील ‘फुटणे’ची व्याप्ती पाहण्यासारखी आहे. घाम फुटतो, पालवी फुटते, हसू फुटते, कंठ फुटतो, युद्धाला तोंड फुटते. जे आत दडलेले होते ते कोणी न आणता एकाएकी बाहेर आले, हा भाव या सर्व प्रयोगांत समान आहे. ‘अन्यायाला वाचा फोडली’ यात कर्ता आहे. ‘वाचा फुटली’ यात तो नाही. ‘ब्रेक आउट’मधील ‘आउट’ हाच भाव व्यक्त करते. आकस्मिकता ना एकट्या ‘ब्रेक’मध्ये आहे, ना एकट्या ‘आउट’मध्ये, ‘गो आउट’ किंवा ‘वॉक आउट’मध्ये आकस्मिकतेचा अर्थ अंगभूत नाही. ती दोहोंच्या संयोगातून उत्पन्न होते. म्हणून ‘सडनली’ची जोड बहुतेक वेळा अनावश्यक ठरते, जरी ती व्याकरणदृष्ट्या अशुद्ध नाही.

या क्रियापदाचा कर्ता सामान्यतः अनिष्ट व पसरत जाणारा असतो : आग, युद्ध, दंगल, रोगाची साथ. इतिहासातील उदाहरणे येथे उपयुक्त ठरतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्याविषयी ‘प्लेग ब्रोक आउट इन बॉम्बे इन १८९६’ असे म्हणता येते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर, जेथे स्फोटकांसमवेत कापसाच्या गाठीही होत्या, आग लागली : ‘अ फायर ब्रोक आउट ऑन द शिप’. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडातील विद्यार्थ्याला हे वाक्य फोड करून सांगावे लागत नाही. तथापि मराठीत आग ‘फुटत’ नाही, ती लागते वा भडकते, साथ येते किंवा उद्भवते, दंगल उसळते. म्हणजे मराठी प्रत्येक संकटाला वेगळे क्रियापद देते आणि इंग्रजी एकानेच भागवते. ‘फुटणे’ हा त्या अर्थाकडे नेणारा पूल आहे, प्रतिशब्द नव्हे.

पुलावरही एक खाचखळगा आहेच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. येथे ‘द डॅम ब्रोक आउट’ असे लिहिता येणार नाही. ‘द डॅम बर्स्ट’ असेच लिहावे लागते. मराठीतील ‘फुटणे’ पात्रालाही लागू पडते आणि पात्रातून बाहेर येणाऱ्या गोष्टीलाही : मडके फुटते, अंकुरही फुटतो. इंग्रजी येथे भेद करते. पात्रच भंगले तर नुसते ‘ब्रेक’ वा ‘बर्स्ट’. आतले बाहेर आले तर ‘आउट’ हवे. भूकंप, वीज, पूर यांना यांपैकी काहीच चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपासाठी ‘स्ट्रक’ किंवा ‘हिट’ हेच क्रियापद योग्य.

घामाचे वाक्य या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. प्रमाण मराठीत ‘त्याला घाम फुटला’, वऱ्हाडीत ‘त्याले घाम फुटला’. दोन्हीकडे घाम हा कर्ता आणि माणूस चतुर्थीत, जणू जे घडले ते त्याच्या इच्छेवाचून घडले. इंग्रजीत मात्र बहुधा माणूसच कर्त्याच्या जागी येतो : ‘ही ब्रोक आउट इन अ स्वेट’. घाम ‘इन’च्या आश्रयाला जातो. ‘त्याला’ हा शब्द पाहून ‘टू हिम’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शब्दार्थ नव्हे, तर ही जागांची अदलाबदल शिकवावी लागते.

‘बर्स्ट’ची रचना याच्या शेजारीच शिकविणे सोयीचे आहे. ‘तिला रडू कोसळले’ याला ‘शी बर्स्ट इन्टू टिअर्स’ किंवा ‘शी बर्स्ट आउट क्राइंग’ असे दोन पर्याय आहेत. ‘इन्टू’नंतर नाम, ‘आउट’नंतर ‘आयएनजी’ रूप. ‘बर्स्ट इन्टू क्राइंग’ हा दोहोंचा संकर टाळावयाचा असतो. ‘खुदकन हसली’ याला मात्र यांपैकी एकही पर्याय लावू नये. ‘बर्स्ट आउट लाफिंग’मध्ये हसणे अनावर आहे, ‘खुदकन’मध्ये ते ओठांपुरतेच. ताडकन, भडकन, खाडकन अशा शब्दांतून आकस्मिकतेबरोबर तिची जात व आवाजही सांगण्याची मराठीची सोय इंग्रजी अव्ययांत नाही. अशा वेळी ‘ताडकन उठला’साठी ‘स्प्रँग टु हिज फीट’ असा संपूर्ण वाक्प्रचारच योजावा लागतो.

नामरूपाबाबत एक सूचना आवश्यक आहे. साथीचा किंवा युद्धाचा उद्भव म्हणजे ‘आउटब्रेक’. तुरुंगातून कैद्यांचे पलायन म्हणजे ‘ब्रेकआउट’. क्रियापद दोन्हीकडे ‘ब्रेक आउट’ हेच असले तरी नामातील अव्ययाचे स्थान बदलताच अर्थ बदलतो. २०२० नंतर ‘आउटब्रेक’ हा शब्द खेड्यापाड्यांतील वृत्तपत्रवाचकांच्याही कानांवरून गेला आहे. वर्गात आरंभ याच शब्दापासून करून मग क्रियापदाकडे येणे अधिक सुकर आहे.