'काही होत नाही' हा पुरावा नव्हे : तरुण वयातला लपलेला मधुमेह



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. नावामागे डॉक्टर लागतं, पण ते औषधाचं नव्हे. तेव्हा गोळ्या विचारू नका. मग उमरठला येऊन मधुमेहावर का बोलायचं? घरचाच अनुभव आहे. आमचा पुतण्या, वय २९, कंपनीत पाळीवर कामाला. पोट सुटलेलं, बाकी ठणठणीत. पायात खिळा गेला, जखम महिनाभर भरेना, तेव्हा रक्त तपासलं. साखर ३०० च्या वर. म्हणाला, "काका, मला तर काहीच होत नव्हतं!"

या वाक्याचा विचार आपल्या मीमांसकांनी करून ठेवला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण. जमिनीवर घागर दिसत नाही, म्हणून ती नाही हे कळतं. पण अट अशी, की असती तर दिसलीच असती. काळोखात दिसली नाही म्हणून घागर नाही, असं म्हणता येत नाही. टाइप टू मधुमेहाची पहिली वर्षं म्हणजे हा काळोख. स्वादुपिंड जादा इन्शुलिन सोडून काम भागवत असतं. तहान, वारंवार लघवी, वजन घटणं हे सगळं साखर बरीच चढल्यावर. तोवर डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडं, पायाच्या नसा यांना इजा सुरू झालेली असू शकते.

आता वजनाचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ पासूनच जादा वजन धरतात, २५ पासून लठ्ठपणा. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या. पँटच्या मापावर जाऊ नका, ती तुम्ही पोटाखाली बांधता. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा.

आजोबांनीही भात आणि नाचणीची भाकरीच खाल्ली, पण डोक्यावर भारे घेऊन चढण चढत. नातू दहा तास स्टिअरिंगमागे, वर वडापाव आणि सहा गोड चहा. सुश्रुतसंहितेत प्रमेह दोन प्रकारचा सांगितलाय, जन्माबरोबर आलेला आणि अपथ्यानं झालेला. दुसरा स्थूल माणसाचा. गरिबाला उपाय काय? शंभर योजनं चाल, नाहीतर विहीर खण. विहीर खणायला लावणारा हा वैद्य आम्हाला फार आवडतो.

अडचण अशी, की सरकारी तपासणी मोहीम ३० वर्षांपासून पुढच्यांसाठी. पंचविशीतल्या पोराला कुणी बोलावत नाही. त्यानं आपण होऊन जायचं. वजन जादा आणि आईवडिलांना किंवा भावंडांना मधुमेह, मानेवर काळी मखमली त्वचा, रक्तदाब, बाईला गरोदरपणात साखर झालेली, यांतलं एक जरी असलं तरी जायचं. उपाशीपोटी १२६ किंवा एचबीएवनसी ६.५, तिथून पुढे मधुमेह; लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून खात्री करतात. १०० ते १२५, किंवा ५.७ ते ६.४, हा उंबरठा. इथून मागे फिरता येतं.

पुतण्याचा पाय वाचला. त्याचा धाकटा भाऊ २६ चा, अंगानं तसाच. तीन महिने टाळत होता. "लग्न ठरायचंय, मुलीकडच्यांना कळलं तर?" ही भीती खोटी नाही, मंडळी, आपणच ती घालून ठेवली आहे. शेवटी गेल्या आठवड्यात गेला. उपाशीपोटी १०८. चहातली साखर बंद केली आहे, कामावर जाताना दोन थांबे आधी उतरून चालतो. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं ठरलंय. सोबत आम्ही जाणार आहोत.