दुर्गम, पण कुठून?

बातमीत ‘दुर्गम’ आला की मागोमाग ‘भागात’ येणार, आणि मग शाळा, पूल किंवा डोलीतून नेलेला आजारी माणूस, हे मराठी वाचकाला पाठ झाले आहे. शब्द जुना आणि नेमका. जिथे जाताना कष्ट पडतात ते दुर्गम. किल्ल्याला ‘दुर्ग’ म्हणतात तेही त्याच अर्थाने. कष्ट अर्थातच जाणाऱ्याचे. वापरता वापरता मात्र तो गावाचाच गुण होऊन बसला, माती तांबडी असावी तसा. बोलताना आपण ‘फार इंटिरियरला आहे’ म्हणतो. कन्नड वृत्तपत्रे तर ‘कुग्राम’ लिहितात आणि गावालाच नावे ठेवून मोकळी होतात. हे सगळे शब्द ज्याच्या वाट्याला सहज येतात तो उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका. त्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर दुर्गमता बऱ्याच अंशी माणसांनीच घडवलेली असते, असे म्हणावे लागते.

याच तालुक्यात कॅसलरॉक आहे. आज दूधसागरच्या वाटेवरचे, पावसात धुक्यात हरवणारे एक लहानसे स्टेशन. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगाव बंदरातून घाट चढून आलेली पोर्तुगीज हद्दीतली रेल्वे इथे ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला मिळाली आणि हे रान दोन राजवटींचे दार झाले. घाटाखाली कुळ्याला पोर्तुगीजांचा जकात नाका, वर कॅसलरॉकला ब्रिटिशांचा. १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली तेव्हा ही वाहतूक थांबली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि नाक्याचे कामच संपले. डोंगर तेवढाच उंच राहिला, पाऊसही तेवढाच. बदलली ती दिल्लीची आणि लिस्बनची धोरणे. सुप्याची गोष्ट याहून कठोर. सुपा हे पूर्वी तालुक्याचे ठाणे, तालुक्याचे नावही तेव्हा तेच. काळी नदीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि १९८०च्या दशकात जुने सुपा, त्याच्या वाटा आणि खोऱ्यातली शेती जलाशयाखाली गेली. कचेऱ्या जोयड्याला आल्या, विस्थापितांपैकी बरेच जण रामनगरला. याच पाण्यावर पुढे नागझरीच्या वीजघरात वीज तयार होते आणि तारांवरून दूरच्या शहरांत पोचते. तारा गेल्या त्या मार्गात कसलीच दुर्गमता आड आली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

यावर कोणी म्हणेल, सह्याद्रीचा चढ, जुलैचा पाऊस, फुगलेले ओढे हे काय धोरणाने आले? नाही आले. काळीच्या उगमाजवळच्या डिग्गीकडे पावसाळ्यात जाणे कठीणच, आणि बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असते तेव्हा शब्दांची चिकित्सा कुणाला सुचत नाही. शिवाय काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात वाटेल तसा रस्ता काढू नये, हेही रास्तच. पण निसर्ग अडचण देतो. ती कुणाच्या पदरात किती पडावी हे ठरते पूल, बस आणि दवाखाना कुठे द्यायचा यावरून. उळवीचेच घ्या. बाराव्या शतकातले लिंगायत संत चन्नबसवण्णा यांची समाधी याच रानात आहे. माघातल्या यात्रेला धारवाड-बेळगावकडचे शेतकरी बैलगाड्या जुंपून इथवर येतात. जोयड्याला कंदमुळांचा मेळा भरतो तेव्हा कुणबी बायकांनी मांडलेले, हातभर लांबीचे मुडलीचे कंद घ्यायला बाहेरगावचे गिऱ्हाईक येतेच. येण्याचे कारण असले की घाट चढला जातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कागदावर ‘दुर्गम’ लिहिले म्हणून तर जादा निधी मिळतो, शब्द काढला तर गावाचेच नुकसान. खरे आहे, म्हणून शब्द काढू नये. त्यापुढे एक रकाना वाढवावा. कशापासून दुर्गम, वर्षातले किती महिने, आणि चालत किती तास? महाराष्ट्रात जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसाठी ‘अवघड क्षेत्र’ ठरवतात. तिथे निदान अवघड कुणाला, हे उघड आहे: तिथे नोकरीला जाणाऱ्याला. उलट्या दिशेचा हिशेब, म्हणजे डिग्गीच्या माणसाला एका दाखल्यासाठी कारवारची जिल्हा कचेरी किती दुर्गम पडते, तो मांडायला सरकारी मराठीत किंवा कन्नडमध्ये अजून शब्द रुळलेला नाही.