मुंबई ते लंडन : विमानाचे तास कसे मोजायचे?



आता आपल्या गावांमधूनही मुली नोकरीसाठी, मुलं शिक्षणासाठी परदेशी जातात. तिकिटाचा फोटो मोबाइलवर येतो. पोचायची वेळ टळून जाते, फोन लागत नाही, आणि घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. पुष्कळदा विमान वेळेवरच असतं, गफलत असते ती तास मोजण्यात. आज तो हिशोब समजून घेऊ.

मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ताशी ५० किलोमीटरने एसटी न थांबता धावली, तर सहा दिवस लागतील! विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर जातं. भागाकार केला तर आठ तास येतात. पण चढण्या-उतरण्यात वेळ जातो, वाटेत वळसेही पडतात. शिवाय आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचं वारं वाहतं. जाताना ते समोरून येतं, परतताना पाठीमागून ढकलतं. म्हणून थेट विमानाला जायला साधारण दहा तास, तर यायला नऊ तास लागतात.

आता घड्याळाची गंमत. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोचायची वेळ पोचण्याच्या शहराची असते. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. लंडनमधलं ग्रिनिच शून्य रेखांशावर आहे आणि आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत. म्हणून आपण साडेपाच तास पुढे. उन्हाळ्यात, मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, तिथली घड्याळं एक तास पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा असतो.

समजा, जानेवारीत तिकिटावर लिहिलंय : मुंबईहून दुपारी २, लंडनला संध्याकाळी ६.३०. वजाबाकी केली तर साडेचारच तास येतात. त्यात साडेपाच मिळवा, झाले दहा तास. म्हणजे विमान उतरेल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे १२ वाजलेले असतील. पुढे पासपोर्ट तपासणी आणि सामान यात तास-दोन तास जातात. फोन रात्री दोनलाही येऊ शकतो. येताना मात्र उलटं : वजाबाकी करून आलेल्या तासांतून साडेपाच वजा करायचे.

वाटेत विमान बदलायचं असेल, तर दोन्ही प्रवास वेगवेगळे मांडा आणि मधला थांबाही धरा. मुंबईच्या विमानतळावर तीन तास आधी पोचावं लागतं, तेही विसरू नका.

लेक निघण्यापूर्वी तिच्यासोबत बसून एका कागदावर विमानाचा नंबर आणि पोचण्याची भारतीय वेळ लिहून भिंतीला लावा. उशीर झालाच, तर त्या नंबरावरून विमान कुठे आहे ते मोबाइलवर बघता येतं. बचत गटाचा पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या आपल्याला एवढा हिशोब काही जड नाही!