घरातील अडगळ आणि मनःस्वास्थ्य : ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील घरांच्या अनुषंगाने

संग्रह आणि अडगळ या दोन शब्दांच्या अर्थांत मराठी बोलणाऱ्यांनी पूर्वीपासून भेद केला आहे. संग्रहातील वस्तूस ठरलेली जागा असते व तिचा उपयोग केव्हा व्हावयाचा हे घरातील माणसांस ठाऊक असते. अडगळीतील वस्तूचे प्रयोजन संपलेले किंवा अनिश्चित झालेले असते; ती ठेवावी की काढावी हा निर्णय मात्र झालेला नसतो. घरात वस्तू किती आहेत यापेक्षा किती वस्तूंविषयीचा निर्णय लांबणीवर पडला आहे, यावरून अडगळीचे मान ठरते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या नगरांतील घरांच्या संदर्भात हा प्रश्न पाहिला असता, त्याची मुळे गृहिणीच्या निष्काळजीपणात नसून वस्तीच्या इतिहासात असल्याचे दिसून येते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत पोहोचला. या दोन्ही जुन्या गावांतील वाड्यांत माळा, कोठीघर, पडवी, फडताळे व कोनाडे अशी वस्तूंची स्थाने नेमलेली असत. पावसाळ्यापूर्वी भरावयाची वर्षाची बेगमी, लग्नकार्यातील मोठी पातेली, पाहुण्यांच्या वळकट्या यांपैकी कशासही अडगळ म्हणण्याचे कारण नव्हते. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईतील चाळींतून आणि कोकण व देशावरील गावांतून नोकरदार कुटुंबे परवडणाऱ्या घराच्या शोधात या परिसरात आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८ लक्ष ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२ लक्ष ४७ हजार भरली. एका खोलीच्या किंवा दोन खोल्यांच्या सदनिकेत कोठीघर उरले नाही. पूर्वी पाच ठिकाणी विभागलेले सामान स्वयंपाकघरावरील एका पोटमाळ्यावर आणि पलंगाखालील पेटीत जाऊन बसले. घर लहान झाले, तरी ठेवून देण्याची सवय मोठ्या घरातलीच राहिली.

ही सवय अविचारी म्हणता येणार नाही. टंचाईचे दिवस पाहिलेल्या पिढीस रिकामा डबा, सुतळीचा तुकडा, जुना स्क्रू यांत भावी खर्चाची बचत दिसत असे. शिवाय त्या काळी वस्तू घरात येण्याचे मार्ग थोडे आणि घरातून बाहेर जाण्याचे मार्ग पुष्कळ होते. नेसून विरलेल्या सुती लुगड्याची गोधडी होई, गोधडी फाटली की पायपुसणे होई. चांगले कपडे बोहारीण घेऊन जाई व त्यांच्या बदल्यात भांडे देई. तांब्यापितळेचे फुटके भांडे मोडीत घालून वजनाप्रमाणे किंमत मिळे. पुढे ही साखळी अनेक ठिकाणी तुटली. कृत्रिम धाग्याची साडी पाणी शोषीत नाही, त्यामुळे तिचे पायपुसणे होत नाही; प्लॅस्टिकच्या डब्यास मोडीत फारशी किंमत नाही; आणि बोहारणीची फेरी गृहसंकुलाच्या फाटकापाशी अडते. याउलट हळदीकुंकवाचे वाण, वास्तुशांतीच्या भेटी, लग्नातील आहेर आणि अलीकडे घरपोच येणारी खोकी यांमुळे आवक वाढतच गेली. आवक आणि जावक यांचा तोल बिघडणे, हे आजच्या अडगळीचे मुख्य कारण होय.

तिचा मनावर होणारा परिणाम केवळ कल्पित नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डार्बी सॅक्सबी व रेना रेपेटी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोकरी करणाऱ्या पतिपत्नींना स्वतःच्या घराचे वर्णन करावयास सांगितले होते. ज्या स्त्रियांच्या वर्णनात पसारा व अपुऱ्या कामांचे उल्लेख अधिक होते, त्यांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणनिदर्शक संप्रेरकाचे प्रमाण दिवसभरात जसे उतरावयास हवे तसे उतरत नव्हते. पतींच्या बाबतीत असा संबंध ठळकपणे आढळला नाही. अशा अभ्यासावरून पसारा हेच ताणाचे कारण असे सिद्ध होत नाही. परंतु न आवरलेली वस्तू ही न झालेल्या कामाची आठवण म्हणून घरातील कोणाच्या डोळ्यांपुढे राहते, हे त्यावरून सूचित होते. गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून परतणाऱ्या डोंबिवलीकर स्त्रीस विसावा मिळण्याचे ठिकाण घर हेच असते. तेथेही प्रत्येक कोपरा काही काम सांगत असेल, तर विसावा मिळणे कठीण होते.

मग वस्तू टाकल्या का जात नाहीत? १९९० मध्ये डॅनियल काहनेमान, जॅक नेच व रिचर्ड थेलर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ज्यांना पेला मिळाला होता त्यांनी तो विकण्यासाठी सांगितलेली किंमत, तो घेऊ पाहणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती. नुकत्याच मिळालेल्या पेल्याविषयी ही वृत्ती, तर सासूने दिलेल्या पितळी डब्याविषयी ती किती बळावत असेल याचा सहज तर्क करता येतो. येथेच आवराआवरीतील खरा धोका आहे. मुलांच्या दृष्टीने जी अडगळ, ती पुष्कळदा आईच्या दृष्टीने माहेरची अखेरची खूण असते. तिच्या अपरोक्ष ट्रंक रिकामी केल्यास जागा मोकळी होते, परंतु घरातील शांतता ढळते. म्हणून प्रत्येकाने प्रथम स्वतःच्या वस्तूंपासून आरंभ करावा आणि दुसऱ्याच्या वस्तूस त्याच्या संमतीवाचून हात लावू नये, हा आवराआवरीचा पहिला नियम ठरतो.

निर्णय लांबणीवर टाकण्याची किंमत या परिसराने प्रत्यक्ष मोजली आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास व वालधुनी या नद्यांचे पाणी कल्याण परिसरातील वस्त्यांत शिरले. अशा वेळी शिधापत्रिका, दाखले व घराची कागदपत्रे जुन्या रद्दीत मिसळलेली असतील, तर ती वेळेवर हाती लागत नाहीत. २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्ली येथे आणि ४ ऑगस्ट रोजी ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारती कोसळून माणसे दगावली. धोकादायक इमारत रिकामी करताना किंवा पुनर्विकासासाठी भाड्याच्या घरी जाताना चाळीस वर्षांचा संसार थोड्या दिवसांत निवडावा लागतो. घाईत केलेल्या त्या निवडीत मोलाचे जाते आणि निरुपयोगी तसेच राहते.

उपाय परंपरेतच आहे, परंतु त्याचा विस्तार करावयास हवा. घटस्थापनेपूर्वीची व दिवाळीपूर्वीची साफसफाई वर्षातून एकदाच होते, आवक मात्र रोजची असते. म्हणून दर महिन्यास एक फडताळ किंवा एक पेटी, इतकेच काम हाती घ्यावे. वस्तूंचे चार भाग करावेत : नित्य लागणाऱ्या, ठराविक प्रसंगी लागणाऱ्या, दुसऱ्याच्या उपयोगाच्या आणि मोडीत घालण्याच्या. निर्णय होत नसेल ती वस्तू दिनांक लिहून वेगळी ठेवावी व वर्षानंतर पुन्हा पाहावी. महत्त्वाची कागदपत्रे जलरोधक पिशवीत, उंच व ठरलेल्या जागी असावीत. हळदीकुंकवास वाण म्हणून संपणारी वस्तू दिल्यास दुसऱ्याच्या घरची अडगळही वाढत नाही.

घराबाहेर गेलेली वस्तू नाहीशी होत नाही, हेही ध्यानात ठेवणे अवश्य आहे. कल्याणच्या आधारवाडी येथील कचराभूमीवर अनेक वर्षे साचलेला डोंगर आणि तेथे वारंवार लागणाऱ्या आगी यांचा धूर नागरिकांच्याच घरांत येत असे. घर मोकळे करताना कापड, कागद, धातू व विद्युत उपकरणे निरनिराळी करून योग्य हाती देणे हा त्या कामाचाच भाग समजला पाहिजे. योगसूत्रांतील यमांपैकी अपरिग्रह या पाचव्या यमाचा गृहस्थास झेपेल असा अर्थ एवढाच घेता येईल की, नवी वस्तू घेताना तिची जागा आणि तिची पुढची वाट यांचा विचार उंबरठ्यावरच व्हावा.